डावीकडचं पोट

४ मार्च २००२, सोमवार. शहापूर

नोकरी लागली, आणि तीही पोट बघून.

हमालीला दंड बघतात, ड्रायव्हरला डोळे बघतात. वापीच्या कंपनीत तर फक्त माणूस वेळेवर येतो का तेवढंच बघायचे. इथे डॉक्टरसाहेब बोलले शर्ट वर कर, टेबलावर आडवा हो. पोटावर थंडगार चिकट जेल ओतलं, त्यावरून साबणाच्या वडीएवढा एक दांडा फिरवला आणि टीव्हीसारख्या पडद्यात बघत राहिले. मग हसले. बोलले, धनेश, तुझं पोट म्हणजे स्वच्छ विहीर आहे, तळ दिसतो. उद्यापासून ये. मी बोललो, उद्यापासून कशाला साहेब, पिशवी बाहेरच ठेवलीय.

हॉस्पिटल हायवेला लागून आहे, गावाच्या बाहेर. खाली वॉर्ड, ऑपरेशनची खोली, सोनोग्राफीची खोली. तिच्या बाजूला माझी खोली, मधे एकच भिंत. खाट आहे, पंखा आहे, गज लावलेली खिडकी आहे, त्यातून नाशिककडे जाणारे ट्रक दिसतात. भिवंडीला यंत्रमागाच्या खोलीत आम्ही पाळीपाळीने एकाच चटईवर झोपायचो. इथे खाट माझी एकट्याची.

वत्सलामावशी इथल्या जुन्या. नर्सचं काम करतात, चहा करतात, साहेबांना रागावतातसुद्धा. माझं काम कळल्यावर बोलल्या, माणसं बसून खातात ते बघितलंय, झोपून खाणारा तू पहिलाच रे. जेवण त्याच देणार आहेत.

आमचं गाव धसईच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. एसटी सोडल्यावरही चालावं लागतं. सहावीत शाळा सोडली, तेव्हापासून मी घराबाहेरच. आई बोलते याचं बूड कुठे टिकत नाही. खरं आहे. वापी झाली, भिवंडी झाली, मधे पनवेलला वीटभट्टीवर होतो. पण इथे टिकायचं ठरवलंय. औषधकंपनीचा माणूस साहेबांना डायऱ्या देऊन गेला, त्यातली एक साहेबांनी मला दिली. हाताला चाळा पाहिजे म्हणून लिहितो.

५ मार्च, मंगळवार

कामाची पद्धत आज नीट समजली.

अपघाताचा पेशंट आला की स्ट्रेचर मी आणायची. पोटाला मार असेल तर सोनोग्राफीच्या खोलीत न्यायचं. तिथे मात्र पेशंटच्या आधी टेबलावर मी आडवा होतो. साहेब दांडा उजव्या बरगडीखाली टेकवतात आणि बोलतात, श्वास धर. टक् करून बटण दाबतात. सोड. पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात माझं पोट थांबून राहतं. मग मी उतरायचं, पेशंटला चढवायचं. त्याचं पोट उजव्या अर्ध्यात. डावीकडचा मी थांबलेला, उजवीकडचा पेशंट श्वासाबरोबर वरखाली होतो. साहेब दोन्हींकडे बघतात, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. सारखं दिसलं तर ठीक. वेगळं दिसलं तर जीप काढायची आणि ठाण्याला पाठवायचं.

मी विचारलं, असं सगळीकडे करतात का. साहेब रागावले नाहीत. त्यांचा मूळ धंदा हाडं जोडायचा. मशीन त्यांनी मुंबईहून वापरलेलं आणलं. फोटो बघायला कल्याणचे एक डॉक्टर गुरुवारी यायचे, ते यायचे थांबले. अपघात काय गुरुवार बघून होतात का? मग साहेबांनीच मुंबईला जाऊन थोडं शिकून घेतलं. बोलले, पुस्तकातलं पोट वेगळं आणि खरं वेगळं. चांगलं बाजूला असल्याशिवाय वाईट कसं ओळखू? आधीच्या पोऱ्याला घेतलं होतं, पण तो वडापाव खाऊन सुटला आणि पडद्यात नुसतं धुकं यायला लागलं.

मला माझंच पोट दाखवलं. काळीज, म्हणजे लिव्हर, ओल्या राखेच्या रंगाचं. त्याला टेकून किडनी, फणसाच्या आठळीसारखी. दोघांच्या मधे केसाएवढी पांढरी रेघ. आत रक्त सांडलं तर त्या जागी काळी रेघ पडते. हे मशीन उजेडाने बघत नाही, आवाजाने बघतं. आवाज आत सोडायचा आणि परत येतो का ते बघायचं. रक्तात गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून ते काळं.

मला ते आवडलं. डोंगरात हाक मारल्यासारखं.

७ मार्च, गुरुवार

काल आसनगावकडचा एक मोटरसायकलवाला आणला. बोलत होता, हसत होता, चहा मागत होता. मी झोपलो, टक्, उतरलो. तो झोपला. डावीकडे माझी पांढरी रेघ आणि उजवीकडे त्याच जागी काळी, बोटाएवढी. मलासुद्धा दिसली. साहेबांनी त्याला खाली उतरूच दिलं नाही, तसाच जीपमधून ठाण्याला काढला. आज तिथून फोन आला. ऑपरेशन झालं, माणूस जगला.

साहेबांनी शहापुरातून जिलेबी मागवली. माझ्या पाठीवर हात ठेवून बोलले, धन्या, तुझ्या पोटाने वाचवला त्याला. वत्सलामावशी बोलल्या, आता याच्या पोटाला आरती करा.

एवढी वर्षं काम केलं, पण माझ्यामुळे कोणाचं काही झालं असं कोणी बोललं नव्हतं. आईला सांगायला पाहिजे. पण काय सांगू, झोपतो म्हणून?

९ मार्च, शनिवार

आज कोंडू नावाचा माणूस आला, मुरबाडकडचा. ट्रकवर पेंढ्याच्या गठड्या रचत होता, वरून निसटला आणि फाळक्याच्या लोखंडावर डाव्या बरगडीने आपटला. बरोबर बायको, रखमी. त्याच्या चपला तिने हातात धरून ठेवलेल्या, खाली ठेवायला तयार नाही.

मी टेबलावर चढलो तसा कोंडू बोलला, अगोदर याला बरा करा डॉक्टर, माझं काय, मी थांबतो. सगळे हसले. रखमीसुद्धा हसली.

डावीकडे मी, उजवीकडे तो. दोन्ही सारखी, राख, आठळी, पांढरी रेघ. साहेबांनी पुन्हा पुन्हा बघितलं. बोलले काही नाही, नुसता मुका मार आहे, एक रात्र राहू दे.

दुपारी कोंडू डावा खांदा धरून बसला. रखमी बोलली, आपटलास पोटावर नि दुखतो खांदा, तुझं सगळंच उलटं. हाड म्हटल्यावर साहेबांना बरं वाटलं, त्यांनी लगेच खांद्याचा एक्सरे काढला. हाड चांगलं होतं. मग कोंडू पाणी मागायला लागला. तांब्या संपवायचा नि परत मागायचा. मी नेऊन देत होतो. संध्याकाळी त्याचे ओठ पांढरे पडले, तेव्हा रखमीने मशीनने परत एकदा बघा म्हणून हात जोडले. साहेब थकले होते, सकाळपासून दोन हाडं बसवली होती. बोलले, बाई, बघितलंय ना, पोट काय तासातासाला बदलतं का?

मला कोंडू आवडला. विचारत होता, झोपायचा पगार मिळतो तर अजून एखादी जागा आहे का.

१० मार्च, रविवार

कोंडू सकाळी गेला. पोट ढोलासारखं ताठ झालं होतं.

वत्सलामावशीने चादर ओढली आणि रखमीला बाहेर नेलं. साहेब नुसते उभे होते. मग हळू बोलले, आला तेव्हा रक्त थोडं असेल, मग वाढत गेलं असेल. हे ते कोणाला सांगत होते कळलं नाही, कारण तिथे मीच होतो.

रखमीचा भाऊ मंगळू टेंपो भरून माणसं घेऊन आला. काचा फुटल्या. साहेब आतल्या खोलीत, मी दारात. मंगळूने मला आडवा पाडून डाव्या कुशीत लाथ मारली, आणखी मारणार होता. रखमीने त्याला मागे ओढलं. बोलली, ह्याला नको रे, ह्यानं काय केलं, हा निस्ता झोपलेला.

मग ती माझ्याजवळ बसली. चपला अजून हातात. तिने एकच विचारलं, तुझं पोट नि त्याचं पोट सारखंच व्हतं ना रे भावा?

मी हो बोललो. दिसलं तेच बोललो.

११ मार्च, सोमवार

गेटला कुलूप. पेशंट आला तरच वॉचमन उघडतो. मंगळूची माणसं समोरच्या चहाच्या टपरीवर बसून आहेत, हॉस्पिटलातून कोण बाहेर पडतो ते बघत. पोलीस येऊन गेले, तेही टपरीवर चहा पिऊन गेले.

साहेबांनी दाढी केलेली नाही. मला बोलावून लाथ लागली तिथे दाबून बघितलं, मग मशीन लावलं. राख, आठळी, पांढरी रेघ. स्वच्छ. त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मलाच त्यांची कीव आली. बोलले, धन्या, तू ठीक तर सगळं ठीक.

डावा खांदा थोडा ठणकतोय. स्ट्रेचर एकट्याने उचलली, त्याने असेल.

तहान खूप लागते. उन्हाळा लागला आता.

१२ मार्च, मंगळवार. महाशिवरात्र

जत्रेला निघालेली जीप किन्हवलीच्या रस्त्याला उलटली. बाकीच्यांना खरचटलं, एका बाईला जास्त लागलं. हिराबाई. जीपवाला आणि मी तिला उचलून आत आणली. उपास होता तिचा, तिला तेच वाईट वाटत होतं की आता दर्शन चुकणार.

मी आडवा झालो. श्वास धर. साहेब बटण दाबेनात. जेल पुसलं, नवीन ओतलं. परत बघितलं. मी मान वळवून पडद्याकडे बघितलं.

पांढरी रेघ नव्हती. तिथे काळी होती. बारीक, पण काळी.

साहेबांनी दांडा सरकवून परत तिथेच टेकवला. मग बटण दाबलं, टक्, सोड बोलले, आणि मी श्वास सोडला. डावीकडचा मी थांबलेला असतो, हे मी आधी लिहिलंय. तो थांबलेला नव्हता. वरखाली होत होता. भराभर. मी असा श्वास घेत नाही. कोंडू शेवटी घेत होता तसा.

साहेबांना दिसलं नसेल. ते तोपर्यंत हिराबाईकडे वळले होते.

तिच्याही पोटात काळी रेघ. माझ्यासारखीच, तेवढीच, त्याच जागी. आणि साहेबांचा चेहरा एकदम सुटला. बोलले, हात्तिच्या. हे मशीनच काळी रेघ काढायला लागलंय. धन्याने आत्ता स्ट्रेचर उचलून आणली, याच्या पोटात रक्त असतं तर हा उभा तरी राहिला असता का? धन्या चांगला म्हणजे ही सावली आहे. हिची पण सावलीच. दोघं सारखी आहेत.

कल्याणला मशीनवाल्याला फोन केला. तो सोमवारी येणार.

हिराबाई वॉर्डात. तिचा मुलगा मला विचारत होता, आई ठीक आहे ना? साहेबांनी सांगितलं तेच सांगितलं.

१३ मार्च, बुधवार

हिराबाई पहाटे गेली. रात्रभर कण्हत होती, श्वास मधेच थांबायचा.

काल दिवसभर सांगत होती, पाठीखाली ओलं लागतंय, थंड. वत्सलामावशीने चादर दोनदा बदलली. चादर कोरडीच होती.

सकाळी मावशीने मला आरशापुढे उभं केलं. डोळ्याच्या खालची पापणी ओढून दाखवली. आत पांढरं, खोबऱ्यासारखं. खांदा दुखतो का विचारलं. मी हो बोललो तर त्यांनी तोंडावर पदर धरला आणि तडक साहेबांकडे गेल्या. मी दाराबाहेर होतो. मावशी बोलल्या, पोराला आत्ताच्या आत्ता ठाण्याला न्या, ती सावली नाय, रक्त आहे. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांत आवाजात बोलले, वत्सलाबाई, त्याच्यात रक्त असेल तर काल हिराबाईतही रक्तच होतं. मग मी काल काय केलं? तुम्ही सांगा, मी काल काय केलं?

मावशी बाहेर आल्या आणि मला हाताला धरून खाटेवर घेऊन गेल्या.

दुपारी त्यांना सुट्टीवर पाठवलं. गेटातून जाताना त्यांनी मागे वळून बघितलं. बोलल्या, धनू, कसाही कर पण निघ रे इथून.

साहेबांनी मला आजारी म्हणायचं नाही, असं झालंय. मी आजारी झालो तर ती दोघं मेलेली नाहीत, मारलेली आहेत. म्हणून मी बरा आहे.

१४ मार्च, गुरुवार

गेटपर्यंत गेलो. वॉचमन बोलला, साहेबांनी सांगितलंय तुला सोडायचं नाय, तुझ्याच भल्यासाठी, ते मंगळूवाले बसलेत. बसले होतेच. मी बोललो, मारू देत, जाऊ दे मला. मग डोळ्यांपुढे अंधारी आली नि तिथेच बसलो. त्यानेच उचलून खाटेवर आणलं.

साहेब सरबत घेऊन आले. खाटेवर बसले, स्वतःच्या हाताने पाजलं. माणूस वाईट नाय. बोलले, सांग ना रे, बरा आहेस ना तू? मी बोललो, साहेब, ठाण्याला न्या, एकदा दुसऱ्या मशीनवर बघू. ते बोलले, सोमवारी मशीनवाला येतोय, तोपर्यंत आराम कर.

फोन त्यांच्या केबिनमध्ये. केबिनला कुलूप.

भिंतीपलीकडे मशीन चालू ठेवतात आता. घरघर ऐकू येते. मशीनवाल्याने फोनवर शिकवलंय, पोटाचं चित्र आत साठवून ठेवता येतं, पाहिजे तेव्हा काढायचं. साहेब तेच शिकत बसलेत, मघाशी मला टेबलावर घेऊन माझंच पोट साठवलं.

तांब्या संपला. परत भरला. संपला.

पाठीखाली ओलं लागतंय. हात घालून बघितला. कोरडं आहे.

१५ मार्च, शुक्रवार

साहेबांनी आज मलाच पेशंट केलं.

उचलून टेबलावर घेतलं. डावीकडे कालचा मी काढला, साठवलेला. उजवीकडे आजचा. बघत राहिले — डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. मग हसले. खरंच हसले. बोलले, बघ, काही फरक नाय. काल होतं तेवढंच आज. रक्त असतं तर वाढलं असतं.

मी बघत होतो. डावीकडे सगळं काळं. उजवीकडे सगळं काळं. सारखं होतं, ते खोटं बोलले नाय. आठळी काळ्यात तरंगत होती.

पण डावीकडचा हलत होता. एकटा नाय. दोन श्वास होते त्यात. एक भराभर. एक कण्हत, मधेच थांबत —

मी बोट दाखवलं. साहेब बोलले, हात खाली घे, हलू नको.

माझं पोट माझ्याच पोटासारखं आहे. म्हणून मी बरा.

पोट ताठ वाटतंय. शर्टाचं बटण लागत नाय.

१६ मार्च, शनिवार

गाडी आली. गेट उघडल्याचा आवाज. कोणीतरी पोरगा, मोटरसायकल ट्रकखाली — बाप रडतोय बाहेर. बोलतोय, चालत आला हो, चालत आला माझा पोरगा, काय नाय ना त्याला —

मला न्यायला येतील. डावी बाजू भरायला.

मी झोपलो तर तो माझ्यासारखा निघेल. काळा निघाला तरी सारखाच निघेल. ठीक आहे बोलतील. वॉर्डात ठेवतील. पाणी मागेल तो —

उठलो. भिंत धरून दारापर्यंत. आतून कडी लावली, वरची. खाली बसलो. आता डावीकडे कोणी नाय. बघायला काय नसेल तर ठाण्याला पाठवावंच लागेल. पाठवतील.

साहेबांनी दार वाजवलं. धन्या, उघड. परत वाजवलं. मी बोललो, नाय झोपणार मी, त्याला ठाण्याला न्या. साहेब, पाया पडतो. मग साहेब बोलले, किती मायेने बोलले. राहू दे रे, नको उठू. पड तू. कालचा आहे माझ्याकडे.

पावलं गेली. पलीकडे घरघर वाढली.

पोटावर थंड लागलं. जेल. दार बंद आहे, खोलीत मी एकटा — थंड, आणि बरगडीखाली कोणीतरी दाबतंय. श्वास धर बोलले पलीकडे. मला नाय, त्या पोराला. मी धरला. आम्ही सगळ्यांनी —

तो बाप विचारतोय, सारखं आहे ना डॉक्टर.

कडी काढायला पाहिजे. आत जाऊन ते पुसायला पाहिजे, बटण कुठलं ते माहीत नाय पण पडदाच फोडायचा. कडी वर आहे. डावा हात उचलत नाय, खांदा — उजव्याने डायरी धरलीय, ती ठेवतो आणि उजव्याने